पगाराची स्लिप फळ्यावर काढा

या वेळी निवडलेली तिन्ही पत्रं कामधंद्याला नुकत्याच लागलेल्या किंवा लागू पाहणाऱ्या मुलांबद्दल आहेत. पत्रं मोठी होती, कात्री मी लावली आहे.

प्रश्न : ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडला निदेशक आहे. एम्प्लॉयबिलिटी स्किल्सच्या तासाला आर्थिक साक्षरतेचा भाग असतो. शिवाय वर्षातून एकदा बँकेतले साहेब येतात, तासभर बोलतात, माहितीपत्रकं वाटतात. पोरं शांतपणे ऐकतात. नोकरीला लागून चार-सहा महिने झाले की त्यातलीच दोघं-तिघं फोन करतात, "सर, अ‍ॅपवरून पाच हजार घेतले होते, आता घरच्यांना फोन जातायत." आमचं शिकवणं कुठे कमी पडतं?

उत्तर : सर, बँकेच्या वतीने अशा कार्यक्रमांत मीही बोललेली आहे, त्यामुळे पोरं शांत का बसतात ते मला ठाऊक आहे. चहा-बिस्किटं भाषण संपल्यावर असतात.

ज्याच्या खिशात स्वतःच्या कमाईचा रुपया अजून आलेला नाही, त्याला चक्रवाढ व्याज समजावलं तर ते परीक्षेपुरतं राहतं. २०१४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा शिक्षणावरचे आधीचे दोनशेएक अभ्यास एकत्र तपासले. लोकांच्या पैशाच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ०.१ टक्का या शिकवण्यामुळे, असा त्यांचा हिशेब निघाला. मोठे अभ्यासक्रमही दोनेक वर्षांत विरून जातात म्हणे. नंतरच्या काही अभ्यासांचे निकाल एवढे निराशेचे नाहीत. पण एक गोष्ट मला माझ्या काउंटरवरूनही पटलेली आहे : निर्णय समोर उभा असतो तेव्हा सांगितलेलं डोक्यात शिरतं. म्हणून हा भाग वर्षाच्या मधून उचला आणि कंपन्या भरतीला येतात त्या आठवड्यात ठेवा. दुसरा तास पहिला पगार झाल्यावरच्या रविवारी, नोकरीला लागलेल्या मुलांना परत बोलावून घ्या. तुमच्या हाकेला येतील, बँकेच्या साहेबांच्या नाही येणार.

तासाला काय घ्यायचं? भरतीवाला सांगतो, "अठरा हजार पगार." घरी फोन जातो, अठरा हजार. त्या अठरा हजारांवर गाडी बुक होते. महिना संपल्यावर खात्यात भलताच आकडा येतो आणि पोराला वाटतं कंत्राटदाराने फसवलं. (कधीकधी फसवलेलंही असतं, पण ते ओळखायचं तर आधी खरी स्लिप वाचता यायला हवी.) तुम्ही सर्किट डायग्राम वाचायला शिकवता, तशी ही स्लिप फळ्यावर काढून वाचायला शिकवा.

एकूण १८,०००, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,००० धरा. पीएफ १२ टक्के, म्हणजे १,६८०. ईएसआय एकूण पगारावर ०.७५ टक्के, १३५. व्यवसाय कर २००. कँटीनचे ४५० धरू. गेले २,४६५, हातात १५,५३५. आता प्रत्येक ओळीवर थांबा. पीएफचे जेवढे पोराचे गेले तेवढेच, आणखी १,६८०, मालकाने भरायचे असतात. मालकाच्या त्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनमध्ये जातात, उरलेले पीएफमध्ये. पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी लागते. नोकरी बदलली की पैसे काढून मोकळं व्हायची आपल्याकडे रीत आहे. पेन्शनचेही पैसे तसे काढले तर ती दहा वर्षं पुन्हा शून्यापासून मोजायची. यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, मात्र जन्मभर एकच. दुसऱ्या कंपनीने नवा नंबर काढून दिला तर तिथेच हरकत घ्यायची.

ईएसआयचे १३५ कशाचे ते एकालाही सांगता येत नाही. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयच्या दवाखान्यात मुलावर आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या घरच्यांवर उपचार होतात, ते त्या १३५ रुपयांच्या जोरावर. आई-वडिलांची नावं कार्डावर घातली का, हे विचारा. व्यवसाय कराची गंमत अशी की तो फेब्रुवारीत ३०० होतो, आणि मार्चच्या सुरुवातीला "ताई, शंभर रुपये कमी आले" हा फोन मला दरवर्षी ठरलेला. वर्गात मुली असतील तर त्यांच्या स्लिपवर ही ओळच नको, महाराष्ट्रात महिलांना २५,००० पगारापर्यंत व्यवसाय कर नाही. कापला असेल तर विचारायचा. आणि अप्रेंटिसच्या स्लिपवर पीएफ नाही म्हणून भांडायला जाऊ नये. अप्रेंटिस कायद्याखाली लागलेल्याला पीएफ नसतो, त्याला मिळतं ते विद्यावेतन.

दाखला देण्याआधी आणखी एक काम करून घ्या. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि पासबुकात वडिलांचं नाव अर्धवट. पीएफची केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, यातच अडकते. पोरं आयटीआयमध्ये आहेत तोवर तिन्ही कागद समोरासमोर ठेवून नावं जुळवून घ्या.

आता अ‍ॅप. "घेऊ नका" सांगून कोणी ऐकलेलं मी तरी पाहिलं नाही. हिशेब घालून पाहा. पाच हजारांचं कर्ज, ‘प्रोसेसिंग’चे ७५० आधीच कापून हातात ४,२५०. पंधरा दिवसांनी भरायचे पाच हजार. पोरांना विचारा, शेकडा किती पडले? गावातला सावकार महिन्याला शेकडा पाच घेतो तर लोक त्याला रक्तपिपासू म्हणतात. इथे पंधरा दिवसांचे साडेसतरा, महिन्याचे शेकडा पस्तीस. हे गणित एखाद्या पोराला फळ्यावर येऊन करू द्या, तुम्ही बोलू नका.

मग नियम सांगा : कर्ज देणारी बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्था कोण ते अ‍ॅपने दाखवलंच पाहिजे. वार्षिक दर आणि सगळे खर्च लिहिलेला कागद आधी दिला पाहिजे. पैसे थेट आपल्याच खात्यात आले पाहिजेत. रिझर्व्ह बँकेने हे २०२२ मध्ये बंधनकारक केलं. फोनमधले सगळे नंबर आणि फोटो मागणारं अ‍ॅप त्याच क्षणी काढून टाकायचं. ज्यांच्या घरी आत्ता धमकीचे फोन येतायत, त्यांनी स्क्रीनशॉट जपून ठेवून १९३० वर आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्यायची. तुम्ही सोबत गेलात तर फार बरं, पोरं लाजेने एकटी जात नाहीत.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातली, बी.ए. झाले आहे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून तालुक्याच्या कार्यालयात लागले, महिना १०,००० विद्यावेतन. पहिले दोन महिने पैसे आले. तिसऱ्या महिन्याचे ‘जमा झाले’ दिसतं, पण माझ्या पासबुकात नाहीत. कार्यालय म्हणतं बँकेत जा, बँक म्हणते कार्यालयात जा. दुसरं असं, की घरात किती द्यावेत? आई सगळेच मागते.

उत्तर : मधल्या काळात दुसरं खातं उघडलंस का? सिमकार्ड घेताना मोबाइलच्या दुकानात अंगठा दिलास का? सरकारी पैसे खाते क्रमांकावर न जाता आधारवर जातात, आणि आधारला जे खातं सर्वांत शेवटी जोडलेलं असेल तिथे पडतात. २०१७ साली लाखो लोकांची गॅसची सबसिडी अशीच, न मागता उघडलेल्या खात्यांत वळली होती. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघ, बँकेचं नाव समोर येईल. बहुतेक तुझे पैसे तिथे सुखरूप आहेत. जुन्याच खात्यात हवे असतील तर त्या बँकेत आधार जोडणीचा फॉर्म पुन्हा भर आणि पोचपावती घे.

आईचं म्हणशील, तर वाद टाळण्याचा रस्ता म्हणजे पैसे यायच्या आधीच आकडा सांगून टाकणं. पैसे आल्यावर आकडा सांगितला की तो लपवल्यासारखा वाटतो. प्रवासाचे आणि डब्याचे बाजूला काढ, स्पर्धा परीक्षेचे फॉर्म भरत असशील तर त्याचे काढ, थोडे आवर्ती ठेवीत टाक. उरलेले आईच्या हातात दे, आणि दर महिन्याला तेवढेच दे. हे विद्यावेतन कायमचं नाही, मुदत संपली की थांबतं. म्हणून प्रशिक्षणापेक्षा लांब चालणाऱ्या हप्त्यावर मोबाइल घेऊ नकोस.

प्रश्न : नाशिकला अंबडमध्ये माझं छोटं वर्कशॉप आहे, बावीस माणसं, निम्मी पोरं पंचविशीच्या आतली. पगार सात तारखेला न चुकता करतो. तरी पंधरा तारखेपासून उचल मागणाऱ्यांची रांग. वर आता सरकार आणि संस्था सांगतात, मालकांनी पोरांना पैशाचं शिक्षण द्या. मी जॉब शिकवू की संसार?

उत्तर : जॉबच शिकवा. पण उचल मागणाऱ्याला एकदा विचारून बघा, गाडीचा हप्ता कोणत्या तारखेला जातो? माझ्या अंदाजाने निम्म्यांचा पाच तारखेला जात असेल. तुमचा पगार सातला, हप्ता पाचला. खात्यात पैसे नाहीत, हप्ता परत. बँक दंड लावते, फायनान्सवाला वेगळा लावतो, शिवाय सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग. पगार झाल्यावर तो थकलेला हप्ता आणि दंड भरून झाला की पंधरा तारखेला पोरगं तुमच्या केबिनच्या दाराशी. त्याची चूक एवढीच, की शोरूममध्ये सही करताना तारीख विचारली नाही. फायनान्स कंपनीला अर्ज करून हप्त्याची तारीख दहा करून घ्या म्हणावं. काही कंपन्या त्याचे पैसे घेतात, तरी दर महिन्याच्या दंडापेक्षा स्वस्त पडेल. नव्या पोराला कामावर घेतानाच हे सांगितलंत तर पाच मिनिटांचं काम आहे, त्याला संसार शिकवणं म्हणत नाहीत.

उचल बंद करू नका. बंद केलीत तर ती मागणी अ‍ॅपकडे जाईल, आणि त्याचा भाव वर सातारच्या सरांना सांगितलाच आहे. मर्यादा घाला, वहीत सही घ्या, दोन पगारांत वळती करा.

आणखी एक, मशीनवर काम करणाऱ्या पोरांसाठी. पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण देतो, जीवन ज्योती ४३६ रुपयांत दोन लाखांचा आयुर्विमा. दोन्हींचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि पैसे मे अखेरीला खात्यातून आपोआप कापले जातात. त्या दिवशी खातं रिकामं असेल तर विमा गेला, आणि घरच्यांना ते कळतं नको त्या वेळी. मे महिन्याची उचल देताना तेवढे ४५६ खात्यात ठेवायला सांगा. आणि फॉर्मवर वारस म्हणून कोणाचं नाव आहे ते एकदा बघायला लावा. लग्न झालेल्या कित्येकांच्या फॉर्मवर अजून वडिलांचंच नाव असतं.