मॅनिफोल्ड बदलायचा की नीट बसवायचा? (वाचक विचारतात: जुन्या गाड्या)

प्रश्न: काका नमस्कार, मी नोकरीसाठी कॉव्हेंट्रीत असतो. मागच्या वर्षी हौस म्हणून १९७२ ची एमजीबी जीटी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेतली. गार इंजिन चालू केलं की टिकटिक असा आवाज येतो, गाडी तापली की बंद. इथला गॅरेजवाला म्हणतो जुना बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा भाग) काढून टाका, स्टेनलेसचा ट्युब्युलर (पाइप जोडून केलेला) लावा, आवाजही जाईल आणि पॉवरपण वाढेल. घेऊ का?

उत्तर: इतक्यात पैसे काढू नका हो. गार असताना टिकटिक आणि तापल्यावर चिडीचूप, म्हंजे बहुतेक वेळा गॅस्केटपाशी (मॅनिफोल्ड आणि इंजिन यांच्यातला सांधा बंद करणारा थर) लीक असतो, बीड तापून फुगतं आणि फट बुजते. टॅपेटचा (व्हॉल्व्ह हलवणारा भाग) आवाज असा बघता बघता गायब होत नाही. खात्री करायची तर सकाळी गार इंजिन चालू करा, कुणाला तरी जाड हातमोजे घालून सायलेन्सरच्या तोंडावर दोन-चार सेकंद फडकं धरायला सांगा, आणि तुम्ही रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं मॅनिफोल्डच्या कडेकडेने फिरवा, फुसफुस कुठून येतेय ते लगेच कळतं (पंख्यापासून नळी लांब ठेवा बरं). गॅस्केटच्या कडेला काजळी दिसली तर मग ऐकायचीही गरज नाही.

आता ट्युब्युलरचं. या १७९८ सीसी इंजिनात इनटेक (हवा-पेट्रोल आत जायची वाट) आणि एक्झॉस्ट हेडच्या (इंजिनाचा वरचा भाग) एकाच बाजूला आहेत, दोन इनटेक पोर्ट (तोंडं), तीन एक्झॉस्ट, आणि काही स्टड (मॅनिफोल्ड धरणारे आट्यांचे दांडे) दोघांत सामायिक. एकच जाड वॉशर अर्धा इनटेकच्या फ्लँजवर (हेडला टेकणारी सपाट कड) बसतो, अर्धा एक्झॉस्टच्या. दोन्ही फ्लँजची जाडी सारखी नसली की वॉशर तिरका होतो, एक बाजू आवळली जाते, दुसरी ढिली राहते. बाजारात मिळणाऱ्या ट्युब्युलरची फ्लँज कितीतरी वेळा मूळच्यापेक्षा वेगळ्या जाडीची असते, म्हंजे पैसे घालून टिकटिक विकत घ्याल, आणि वर इनटेकही फटीतून हवा ओढायला लागलं तर आयडलिंग बिघडणार ते वेगळंच. पॉवरचं म्हणाल तर दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरचा धूर हेडच्या आतच एकत्र होतो, तो बाहेरचा कुठलाही पाइप वेगळा करू शकत नाही. कॅमशाफ्ट बदललाय, हेडचं काम केलंय, ट्रॅकवर पळवताय, तर हेडरचा (म्हंजे ट्युब्युलरचाच) विचार जरूर करा. साध्या इंजिनावर फरक पडतो तो मुख्यतः आवाजात! शिवाय पातळ पाइप बॉनेटखाली बिडापेक्षा जास्त उष्णता सोडतो आणि एसयू कंपनीचे कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारे) तिथेच शेजारी, उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये पेट्रोल उकळून गाडी बंद पडली की मग आठवण येते जुन्या मॅनिफोल्डची.

तेव्हा आहे तोच काढून नीट बसवा. नटांना आदल्या दिवसापासून पेनिट्रेटिंग ऑइल पाजत राहा, ऐकत नसेल तर उष्णता द्या, पण लांब पाना घालून जोर लावू नका, स्टड हेडमध्येच तुटला तर काम दसपट वाढतं. हो, आणि पाने इंची घ्या, मेट्रिक नाही. मॅनिफोल्ड काढला की फ्लँजवर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघा. वाकलेला असेल तर मशीन शॉपमध्ये फेस (घासून सपाट) करून घ्या, आणि फेस केल्यावर दोन्ही मॅनिफोल्डच्या फ्लँजची जाडी सारखी आहे ना हे कॅलिपरने मोजा, इथेच लोक चुकतात. नवं गॅस्केट, पितळी नट (ते गंजून धरत नाहीत) आणि मूळचे जाड वॉशर. हार्डवेअरच्या दुकानातला पातळ वॉशर वाटीसारखा दबतो. १५ फूट-पाउंड, म्हंजे साधारण २० न्यूटन-मीटर, मधून बाहेरच्या बाजूला थोडं थोडं आवळत जा, गाडी दोन-तीनदा तापून पूर्ण गार झाली की परत एकदा बघा. सिलिकॉन सीलंट अजिबात नको. आणि जुन्या गॅस्केटमध्ये, हीट शील्डच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असू शकतो, कोरडं घासू नका, ड्रिलला वायर ब्रश तर नाहीच नाही.

प्रश्न: माझी एमजीबी १९७८ ची, अमेरिकन मॉडेल, सॅन होजेत आहे. मॅनिफोल्डला चक्क भेग गेलीये. वेल्डिंग करून चालेल?

उत्तर: तुमचा प्रकार वेगळा. १९७५ पासून अमेरिकेत गेलेल्या गाड्यांना एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटर आणि इनटेक-एक्झॉस्ट मिळून एकच ओतीव तुकडा, त्याची भेगांबद्दल ख्यातीच आहे. बिडाचं वेल्डिंग होतं, पण आधी तुकडा तापवून आणि नंतर सावकाश गार करून, नाहीतर शेजारीच नवी भेग. सगळेजण सल्ला देतील की जुन्या मॉडेलचे दोन एसयू आणि वेगवेगळे मॅनिफोल्ड लावून टाक. गाडी त्याने खरंच सुधारते, पण तुम्ही कॅलिफोर्नियात आहात, तिथे १९७५ पर्यंतच्या मॉडेलना स्मॉग टेस्टमधून (गाडीच्या धुराची तपासणी) सूट आहे, तुमच्या ७८ ला नाही, त्यामुळे असा बदल टेस्टला अडकेल. भेग नसलेला जुना तुकडा शोधा, आणि घेण्याआधी क्रॅक टेस्ट करून घ्या.

प्रश्न: जग्वार ई-टाइपच्या मॅनिफोल्डवरचं काळं चकचकीत इनॅमल उडालंय. हाय टेम्परेचर पेंट मारू का? आणि वर हीट रॅप (उष्णता रोखणारी पट्टी) गुंडाळला तर?

उत्तर: पेंट फार दिवस तसा दिसणार नाही. ते इनॅमल म्हंजे भट्टीत भाजलेली काच, त्याला डागडुजी नाही, दोन्ही मॅनिफोल्ड काढून पूर्ण साफ करून नव्यानेच करावं लागतं, खर्च बराच आहे. गाडी शोला नेत नसाल तर सिरॅमिक कोटिंग करून घ्या, दिसायला मॅट पण टिकतं आणि बॉनेटखालची उष्णताही कमी होते. रॅप नको, ओल धरून ठेवतो आणि खाली काय चाललंय ते दिसतही नाही. आणि गाडी धुताना तापलेल्या मॅनिफोल्डवर गार पाणी मारू नका, अर्धं इनॅमल त्यानेच उडतं.