चष्म्याविना थ्रीडी पडदे बनवायचे आहेत, बारावीनंतर काय?

नमस्कार ताई,

सिंहगड रस्त्यावरून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. लेक बारावी सायन्सला आहे. चष्मा न लावता थ्रीडी दिसेल असे पडदे बनवायचं तिच्या मनात आहे, आणि लष्करातही असं काम चालतं हे तिने वाचलंय. घरचे म्हणतात, कॉम्प्युटर घे. तुम्ही विचारलंय, यात खरंच करिअर आहे का, आणि पाषाणला डीआरडीओ, म्हणजे देशाची संरक्षण संशोधन संस्था, आहेच, तर तिथेच जमेल का.

पाषाणचं आधी सांगतो, कारण बरेच पालक त्याच भरवशावर असतात. तिथल्या एआरडीई आणि एचईएमआरएल या प्रयोगशाळा शस्त्रास्त्रं आणि स्फोटकांवर काम करतात. डीआरडीओची प्रकाशीय उपकरणांची प्रयोगशाळा, आयआरडीई, डेहराडूनला आहे. तेजस विमानाच्या वैमानिकासमोरचा हेड-अप डिस्प्ले, म्हणजे नजर खाली न वळवता समोरच माहिती दाखवणारी काच, चंडीगडच्या सीएसआयओ या सरकारी उपकरण-संशोधन संस्थेने विकसित केला. तेव्हा संरक्षणातलं हे काम करायचं तर लेकीला पुणं सोडावं लागेल, ही मनाची तयारी आजच करा.

तिने वाचलं ते खरं आहे. अमेरिकेच्या दार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने २०११च्या सुमारास शहराचा थ्रीडी नकाशा टेबलावर उभा करणारा डिस्प्ले तयार करून घेतला. टेबलाभोवतीचा प्रत्येक अधिकारी आपापल्या बाजूने, चष्म्याशिवाय तो पाहू शकत असे. बाजारात मात्र गाडी अडत आली आहे. निन्टेंडोने २०११मध्ये चष्म्याविना चालणारा थ्रीडीएस हा हातात धरायचा व्हिडिओ गेम आणला, २०२०मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं. पडदा एकच असतो आणि दोन्ही डोळ्यांना वेगळं चित्र द्यायचं, तर पिक्सेल वाटून द्यावे लागतात. दोन चित्रं दिली की आडवी स्पष्टता निम्मी होते. जास्त जणांना वेगवेगळ्या कोनांतून दाखवायचं म्हटलं की आणखी घटते. शिवाय डोळ्याचं भिंग पडद्याच्या अंतरावर स्थिरावतं, पण दोन्ही डोळे वळतात ते पडद्यापुढे किंवा मागे भासणाऱ्या वस्तूकडे. या ओढाताणीत डोकं दुखायला लागतं. हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही, म्हणून हुशार मुलांनी इकडे यावं असं मला मनापासून वाटतं. फक्त एकाच वस्तूवर सगळी भिस्त ठेवू नये. ज्याचं प्रकाशशास्त्र पक्कं आहे त्याला मोबाइलच्या कॅमेऱ्यात, एंडोस्कोपीच्या उपकरणांत, मोटारींच्या हेड-अप डिस्प्लेत, सगळीकडे काम आहे.

म्हणून 'थ्रीडी डिस्प्ले' नावाची पदवी शोधू नका, फिजिक्स धरा. आयसर पुणे या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेचा पाच वर्षांचा बीएस-एमएस हा माझ्या मते तिच्यासाठी उत्तम रस्ता. प्रवेश आयसरच्याच आयएटी या प्रवेश परीक्षेतून होतो. तो हुकला तर फर्ग्युसनसारख्या कॉलेजातून फिजिक्समध्ये बीएस्सी, मग आयआयटी जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी. पुढे आयआयटी दिल्लीला अप्लाइड ऑप्टिक्समध्ये एमटेक करता येतं. इंजिनिअरिंगच हवं असेल तर ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) घ्यावं. डीआरडीओत सायंटिस्ट 'बी' पदाचा रस्ता मुख्यतः गेट या पदवीनंतरच्या परीक्षेच्या गुणांवरून जातो, आणि एमएस्सी फिजिक्सवाल्यांनाही तो खुला असतो. कॉम्प्युटरला माझा विरोध नाही, एकाच दृश्याची अनेक चित्रं क्षणात तयार करायला ग्राफिक्सचं प्रोग्रॅमिंग लागतंच. पण ते ती पुढेही शिकेल. प्रकाशाचं गणित नंतर शिकू म्हणणाऱ्यांचं बहुतेकदा राहूनच जातं.

फॉर्म भरण्याआधी तिला घरीच असा एक पडदा बनवू द्या. फ्रेडरिक आइव्ज यांनी १९०३मध्ये ही युक्ती वापरली होती. दोन कोनांतून काढलेल्या फोटोंच्या बारीक उभ्या पट्ट्या करायच्या आणि आलटूनपालटून लॅपटॉपवर लावायच्या. पुढे काळ्या उभ्या रेघा छापलेली पारदर्शक शीट धरायची, म्हणजे प्रत्येक डोळ्याला आपापल्याच पट्ट्या दिसतात. शीट अप्पा बळवंत चौकात छापून मिळेल. साध्या लॅपटॉपवर चार पिक्सेलांची पट्टी साधारण ०.७ मिलिमीटरची होते. दोन डोळ्यांतलं अंतर ६३ मिलिमीटर आणि बसायचं अंतर ६३० धरलं, तर शीट पडद्यापासून ७ मिलिमीटरवर हवी. एका काळ्या रेघेपासून पुढच्या काळ्या रेघेपर्यंतचं अंतर १.४ नव्हे, १.३८ मिलिमीटर ठेवायचं. एवढासा फरक राहिला तरी कडेला दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळतात. हे १.३८ कुठून आलं ते तिलाच समरूप त्रिकोणांवरून काढू द्या, तुम्ही किंवा क्लासच्या सरांनी सांगू नका. या खटपटीत ती तासन्‌तास रमली तर कॉम्प्युटरचा आग्रह सोडा. दुसऱ्या दिवशीच कंटाळली तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

आयएटी आणि एमएचटी-सीईटी, दोन्हींचे फॉर्म भरून ठेवा. दोन्हींच्या तारखा अधिकृत संकेतस्थळांवरच पाहा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या यादीवर विसंबू नका.