सुरकुत्यांवर विजेचा उतारा?

प्रश्न : माझे वय ५४ वर्षे असून मी शिक्षिका आहे. शाळेत जाणे-येणे गेली कित्येक वर्षे दुचाकीवरूनच होते. पाळी थांबल्यापासून गाल ओघळल्यासारखे दिसतात, ओठांच्या कडांपासून हनुवटीकडे उतरणाऱ्या रेषा ठळक झाल्या आहेत आणि डोळ्यांखालची त्वचा सुरकुतली आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीने वाढदिवसाला मायक्रोकरंटचे यंत्र पाठवले. जेल लावून त्याच्या दोन धातूच्या गोळ्या गालावरून वर फिरवायच्या असतात. फिरवल्यावर लगेच चेहरा तजेलदार वाटतो, परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी सारे पूर्ववत होते. अशा यंत्रांनी त्वचा खरोखर सुधारते, की हा मनाचा खेळ आहे?
— एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, आपल्याला आरशात जे दिसते ते खरेच असते, फक्त त्याचे श्रेय विजेला कितपत द्यायचे हा प्रश्न आहे. जेलमधील पाणी वरच्या थरात मुरल्यामुळे बारीक रेषा काही तास भरून आल्यासारख्या दिसतात. गोळ्यांच्या दाबाने त्वचेखाली साचलेला द्रव पुढे सरकतो आणि सूज उतरते. शिवाय चोळण्याने रक्तप्रवाह वाढून गालांवर लाली येते. ही तिन्ही कामे यंत्र बंद ठेवून नुसत्या गोळ्या फिरवल्या तरी बऱ्याच अंशी होतात. आपण एक आठवडा यंत्र सुरू न करता तेवढाच वेळ तसेच फिरवून पाहिले, तर फरक आपला आपल्यालाच कळेल.

मायक्रोकरंट म्हणजे एक मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह. एवढ्याने स्नायू आकुंचनही पावत नाही. या यंत्रांच्या जाहिरातींत पेशींची ऊर्जा, म्हणजे एटीपी, ५०० टक्क्यांनी वाढते असा दावा हमखास आढळतो. त्याचे मूळ १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आहे. तो प्रयोग उंदराच्या त्वचेचे तुकडे प्रयोगशाळेत ठेवून केलेला होता, आणि प्रवाह एका मर्यादेपलीकडे वाढवताच हा परिणाम उलट घटला होता. काचेच्या भांड्यातील उंदराच्या त्वचेवरून पन्नाशीच्या बाईचा गाल वर उचलला जाईल, असे अनुमान काढणे मला तरी धाडसाचे वाटते.

याहून जोरकस प्रवाहाची, स्नायू उडवणारी यंत्रेही मिळतात. ती सुरू केली की ओठाचा कोपरा आपोआप फडफडतो. या प्रकाराचा बरा म्हणावा असा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १०८ स्त्रियांपैकी यंत्र मिळालेल्यांनी आठवड्यातून पाच दिवस, रोज २० मिनिटे, १२ आठवडे ते वापरले, आणि गालाच्या एका स्नायूची जाडी सोनोग्राफीत सुमारे १८ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पण तुलनेसाठी ठेवलेल्या गटाला यंत्रच दिलेले नव्हते, बंद ठेवलेलेही नाही. त्यामुळे 'मला छान वाटते' या उत्तरातील विजेचा वाटा वेगळा काढता येत नाही. तरीही स्नायू जाड होतो हे मानू. स्नायू जाड झाल्याने सुरकुती जाते का? दंडाचा स्नायू हाडापासून हाडापर्यंत जातो. चेहऱ्याचे बरेचसे स्नायू मात्र त्वचेलाच जोडलेले असतात, आणि कपाळावरच्या किंवा डोळ्यांच्या कडांच्या रेषा त्यांच्या वारंवार आकुंचनानेच उमटतात. बोटॉक्सचे इंजेक्शन याच स्नायूंना सैल करून रेषा मिटवते. मग एकाने स्नायू सैल करायचे आणि दुसऱ्याने बळकट करायचे, आणि दोघांनीही सुरकुत्या जातात म्हणायचे, हे कसे? गाल किंचित भरल्यासारखा दिसण्यापुरता बळकट स्नायूचा उपयोग होऊ शकेल; त्वचेचा पोत त्याने बदलत नाही.

वय वाढते तसे चेहऱ्याचे हाड थोडे झिजते, चरबीचे थर विरळ होऊन खाली सरकतात आणि त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजन हे प्रथिन घटते. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत तर त्वचेतील कोलॅजन ३० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. आपल्याला जो बदल एकाएकी झाल्यासारखा वाटतो, त्यामागे हेही कारण आहे. हातात धरायच्या यंत्राने हाड किंवा चरबी जागेवर परत येत नाही. कोलॅजन वाढवण्याचा दावा रेडिओफ्रीक्वेन्सीची यंत्रे करतात, कारण ती उष्णता देतात. परंतु दवाखान्यातील यंत्राइतकी उष्णता घरगुती यंत्राला सुरक्षिततेसाठी देताच येत नाही, म्हणून त्यांचा परिणामही त्याच मानाने सौम्य असतो.

यंत्राच्या खोक्यावर एफडीएचा, म्हणजे औषधे व वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा, उल्लेख असतो, त्याबद्दलही अनेक जण विचारतात. अशा यंत्रांना बहुधा जी परवानगी मिळते तिचा अर्थ इतकाच, की हे यंत्र आधीपासून बाजारात असलेल्या एखाद्या यंत्राशी मूलतः समतुल्य आहे. नव्या औषधाला जशी मोठ्या चाचण्यांची कसोटी लागते, तशी येथे लागतेच असे नाही.

आता आपल्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाच्या वाटलेल्या ओळीकडे येतो : शाळेत जाणे-येणे दुचाकीवरून होते. सोलापूरचे ऊन कसे असते ते सोलापूरकरांना सांगायला नको, पण ते फक्त मे महिन्यातच त्वचा जाळते असा समज आहे. अतिनील किरणांपैकी 'ए' प्रकारचे किरण बारा महिने येतात आणि खिडकीच्या काचेतूनही आत शिरतात. अमेरिकेतील एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचे छायाचित्र २०१२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आले होते. २८ वर्षे गाडी चालवून खिडकीकडचा त्याचा डावा गाल जाड आणि खोल सुरकुत्यांचा झाला होता, उजवा मात्र त्यामानाने तरुण. एकाच माणसाची एकाच वयाची ही त्वचा! आपल्याकडे दुचाकीवर स्कार्फ बांधण्याची पद्धत चांगलीच आहे, पण पातळ जॉर्जेटमधून किरण आरपार जातात. दिव्यासमोर धरल्यावर ज्यातून उजेड सहज दिसतो, ते कापड उन्हाला फारसे अडवत नाही. चादरी-टॉवेल विणणाऱ्या गावाला विणीच्या घट्टपणाबद्दल याहून अधिक काय सांगावे? आणि स्कार्फ कितीही जाड असला, तरी डोळ्यांभोवतीची पट्टी उघडीच राहते. आपल्या सुरकुत्या तेथेच आहेत.

ऑस्ट्रेलियातील नँबूर या गावी नव्वदच्या दशकात नऊशेहून अधिक प्रौढांवर झालेल्या चाचणीत, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य साडेचार वर्षांत इतरांच्या तुलनेत २४ टक्क्यांनी कमी आढळले. माझ्या माहितीत एकाही घरगुती विजेच्या यंत्रामागे इतक्या मोठ्या आणि इतक्या दीर्घ चाचणीचे बळ नाही. एसपीएफ ३० किंवा अधिक असलेले सनस्क्रीन, तर्जनी आणि मधले बोट या दोन्हींवर लांबीभर पट्टी येईल इतके, चेहरा व मान मिळून लावावे. शाळा दुपारची असेल, तर घरून निघताना पुन्हा लावावे. रात्री ट्रेटिनॉइन, म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातील मलम, ०.०२५ टक्के, वाटाण्याएवढे, सुरुवातीस एक दिवसाआड. पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडून सोलते आणि आपल्या कोरड्या हवेत ते अधिक जाणवते, म्हणून वरून मॉइश्चरायझर हवेच. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. हे औषध त्वचारोगतज्ज्ञांना दाखवूनच सुरू करावे; सिव्हिल हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागातही ही सोय आहे.

राहिले यंत्र. लेकीने प्रेमाने दिले आहे, पदरी पडले ते पवित्र झाले. वापरण्यास हरकत नाही, मात्र त्याची परीक्षा घ्या. तीन महिने चेहऱ्याच्या एकाच बाजूवर वापरा. दर पंधरवड्याला त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, चेहरा धुतल्यावर आणि यंत्र वापरण्यापूर्वी छायाचित्र काढा. मग ती छायाचित्रे मुलीला पाठवून बाजू ओळखायला सांगा, कोणती बाजू हे मात्र आधी सांगू नका. उन्हाळ्यात पंख्याखाली जेल चटकन वाळते आणि वाळले की गोळी टोचते. तेव्हा जोर न देता जेल पुन्हा लावावे. डोळ्याजवळ नेल्यावर पापणीत उजेड चमकला किंवा तोंडात धातूची चव आली, तर प्रवाह कमी करा.

प्रश्न : माझे वय ३८ वर्षे आहे. दोन्ही गालांवर वांग आहेत. लाल-निळ्या दिव्यांचा मुखवटा हप्त्यावर घेण्याचा विचार आहे. त्याने सुरकुत्या आणि वांग दोन्ही जातील का?
— एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : विजेच्या गोळ्यांपेक्षा लाल दिव्याच्या बाजूने पुरावा थोडा बरा आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३६ जणांवर लाल व अवरक्त प्रकाशाचा प्रयोग होऊन कोलॅजनची घनता आणि त्वचेचा खडबडीतपणा सुधारल्याचे दिसले. पण ते प्रयोग संपूर्ण अंगावर प्रकाश टाकणाऱ्या मोठ्या दिव्यांखाली झाले होते. आपल्या मुखवट्यातील दिव्यांची शक्ती तेवढी असेलच असे नाही.

वांगांचे म्हणाल, तर मुखवटा घेऊ नका. वांग उष्णतेने आणि दृश्य प्रकाशाने, विशेषतः निळ्या-जांभळ्या प्रकाशाने, गडद होतात. गरम होणारे कोणतेही यंत्रही टाळावे. हप्त्याच्या पैशांत आयर्न ऑक्साइड असलेले, किंचित रंगाचे सनस्क्रीन येईल. दृश्य प्रकाश तेच अडवते. आणि औषधाच्या दुकानात 'वांगाची क्रीम' म्हणून मिळणाऱ्या अनेक ट्यूबांत स्टेरॉइड असते. ते महिनोन्महिने लावून त्वचा पातळ झालेल्या स्त्रिया माझ्याकडे नेहमी येतात, म्हणून हे न विचारताच सांगतो.

प्रश्न : माझ्या पत्नीला पेसमेकर बसवलेला आहे. सून वापरते ते चेहऱ्याचे विजेचे यंत्र तिने कमी प्रवाहावर वापरले तर चालेल का?
— एक ज्येष्ठ वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : नाही, अगदी कमी प्रवाहावरही नाही. बाहेरून दिलेला प्रवाह पेसमेकरला हृदयाचे ठोके समजून घेण्यात अडथळा आणू शकतो, आणि एवढी जोखीम गालासाठी पत्करू नये. आकडीचा विकार असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि चेहऱ्यावर कर्करोगाचे उपचार सुरू असणाऱ्यांनीही ही यंत्रे वापरू नयेत. वहिनींना सुनेबरोबर काही करावेसे वाटत असेल, तर चार थेंब खोबरेल तेल घेऊन बोटांनी हलक्या हाताने गाल वरच्या दिशेने चोळायला सांगा. चेहऱ्याची सूज तेवढ्यानेही उतरते.