लातूरच्या उन्हात नेमबाजी स्पर्धेसाठी रायफलचा स्कोप (नेम धरायची दुर्बीण): फिक्स्ड की व्हेरिएबल?

आधी स्पर्धा कोणती ते बघा. १० मीटर एअर रायफल किंवा ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून) असेल तर स्कोप चालतच नाही, पीप साइट, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरायची साइट लागते. तिथं स्कोपवर एक रुपयाही घालू नका.

बेंचरेस्ट (टेबलावर रायफल टेकवून नेमबाजी) किंवा फील्ड टार्गेटला (मैदानात वेगवेगळ्या अंतरांवरची टार्गेट) मी व्हेरिएबलच, म्हणजे किती पट मोठं दिसावं ते बदलता येणारा स्कोप सांगेन. फिक्स्ड, म्हणजे एकाच पटीचा, हलका असतो, त्यात हलणारे भागही कमी, हे खरंच. पण आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये अकरा वाजले की जमीन तापते आणि २४ पटीवर टार्गेटच्या कडा लाटांसारख्या थरथरतात. अशा वेळी १२ वर आणलं की तीच थरथर निम्मी दिसते, नेम धरता येतो. फिक्स्डमध्ये ही सोय नाही.

एक मात्र तपासा: रेटिकल (स्कोपमधल्या नेमाच्या रेघा-खुणा) सेकंड फोकल प्लेनमध्ये, म्हणजे डोळ्याकडच्या बाजूला असेल तर मॅग्निफिकेशन (पट) बदलताच एका खुणेत टार्गेटवरचं किती अंतर मावतं ते बदलतं. होल्डओव्हर धरणार असाल, म्हणजे गोळी खाली पडते म्हणून खुणांवरून वर नेम धरणार असाल, तर फर्स्ट फोकल प्लेनचाच घ्या; त्यात हे माप प्रत्येक पटीवर तेच राहतं.