निवृत्त सैनिकांनी व्याख्यानात सांगितलेले युद्धानुभव कितपत खरे मानावेत?

व्यासपीठावरून सांगितलेल्या युद्धानुभवांत अतिशयोक्ती किती असते आणि श्रोत्याने ती कशी ओळखावी, असे आपण विचारले आहे. आमच्या तालुक्यातील व्याख्यानमालेचे काम मी पाहतो, त्यामुळे अशी भाषणे बरीच ऐकली आहेत. लढलेला माणूस स्वतःच्या आसपासच्या पन्नास पावलांत काय घडले याचा उत्तम साक्षीदार असतो, संपूर्ण लढाईचा नव्हे, असे माझे मत झाले आहे. घोळ होतो तो आपण त्याच्याकडून संपूर्ण लढाई ऐकू पाहतो म्हणून.

राजस्थानच्या सीमेवरील लोंगेवाला चौकीचेच पाहा. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री त्या चौकीवर 23 पंजाब बटालियनची जेमतेम एक कंपनी होती आणि समोर पाकिस्तानी रणगाडे होते. जैसलमेरहून वायुदलाची हंटर विमाने येऊ शकली ती उजाडल्यावर. कंपनीचे नेतृत्व करणारे महावीरचक्र विजेते कुलदीपसिंग चांदपुरी पुढे कित्येक वर्षे त्या रात्रीविषयी बोलत राहिले, तर रणगाडे मोडले ते विमानांनीच, जमिनीवर फारशी लढाई झालीच नाही, असे काही निवृत्त अधिकाऱ्यांनी म्हटले. वाद बराच चिघळला. मला यात कोणी खोटे बोलत होते असे वाटत नाही, कारण अंधारात खंदकात बसलेल्याची लढाई वेगळी आणि सकाळी वरून पाहणाऱ्याची वेगळी.

अविश्वासाचीही किंमत असते, हे मात्र विसरू नये. 18 नोव्हेंबर 1962 रोजी लडाखमधील रेझांग ला येथे मेजर शैतानसिंग यांच्या नेतृत्वाखाली 13 कुमाऊँची सुमारे एकशेवीस जवानांची कंपनी चिनी सैन्याशी लढली आणि त्यांतील शंभरहून अधिक जवान धारातीर्थी पडले. वाचलेले मोजके जवान जे सांगत होते ते सुरुवातीला कित्येकांना पटलेच नाही. पुढे 1963 च्या फेब्रुवारीत शोधपथक तेथे पोहोचले, तेव्हा गोठलेले मृतदेह मोर्च्यांतच, काहींच्या हातांत शस्त्रे तशीच, असे सापडले. ती साक्ष शब्दशः खरी होती.

अतिशयोक्ती शिरते ती बहुधा पुनरुक्तीतून. तोच प्रसंग वर्षानुवर्षे शाळांतून, कारगिल विजय दिनाच्या कार्यक्रमांतून सांगितला, की टाळ्या कुठे पडतात हे वक्त्याला कळते आणि प्रसंग त्या वळणाने घासून गुळगुळीत होतो. त्यात आमच्यासारखे आयोजक प्रास्ताविकातच आवाज चढवतात, मग वक्त्याला खाली कसे उतरता येणार?

म्हणून प्रश्नोत्तरांच्या वेळी पाणी, बूट, ओझे, झोप यांविषयी विचारावे. आमच्याकडे आलेल्या, कारगिलमध्ये लढलेल्या एका सुभेदारांचे भाषण अगदी ठरीव साच्याचे झाले होते. पाण्याचे काय करत होता, असे एका मुलीने विचारले, तेव्हा ते थोडे थांबले आणि म्हणाले, ‘बर्फच खायचो, बेटा. पण वरचा थर खरवडून टाकायला लागायचा, दारूगोळ्याचा वास यायचा त्याला.’ हे कोणत्याही भाषणात पाठ करून ठेवण्यासारखे वाक्य नाही, आणि म्हणूनच मला ते अधिक विश्वासार्ह वाटते. ‘तुम्ही किती शत्रू मारले?’ हा प्रश्न मात्र कृपया विचारू नका. आम्ही तो सूत्रसंचालकांना आधीच गाळायला सांगतो.

पडताळा घ्यायचा असेल, तर वक्त्याची बटालियन, कंपनी आणि प्रसंगाची तारीख टिपून घ्या आणि शौर्यपदकाच्या अधिकृत सन्मानपत्राशी ताडून पाहा. त्या मजकुरातही चुका होतात, हेही ध्यानात असू द्या: कारगिल युद्धात टायगर हिलवर लढलेले योगेंद्रसिंग यादव यांचे परमवीरचक्र प्रथम मरणोत्तर म्हणून जाहीर झाले होते, आणि प्रत्यक्षात ते रुग्णालयात उपचार घेत होते. युद्धविषयक कागदपत्रे साधारणपणे पंचवीस वर्षांत खुली करण्याचे धोरण संरक्षण मंत्रालयाने जून 2021 मध्ये मंजूर केले आहे. ती कागदपत्रे हाती येईपर्यंत एकाच लढाईतील दोन वेगवेगळ्या कंपन्यांतील माणसांना ऐकणे हाच त्यातल्या त्यात बरा उपाय आहे.