रोबोट आल्यावर कार्बन फायबरचं ले-अप हाताने शिकण्यात अर्थ आहे का?

तुमचा प्रश्न असा: "सातपूरला आयटीआय करतोय. विमानाचे कार्बन फायबरचे भाग आता रोबोटच बनवतात म्हणे. मग साच्यावर हाताने थर लावायला शिकून काय उपयोग?"

नाशिकच्याच अंबडमधल्या एका छोट्या कारखान्यात मी नऊ वर्षं हेच थर लावते. माझं उत्तर: शिका, पण नुसतं थर लावणं शिकून थांबू नका.

तुम्ही म्हणता तो रोबोट खोटा नाही. बोइंग ७८७ चं पिंपासारखं अख्खं धड किंवा एअरबस ए३५० च्या पंखाची पाठ अशाच यंत्रांनी बनते. अरुंद पट्ट्या भराभर चिकटवत जायचं, हे त्यांचं काम. पृष्ठभाग मोठा आणि उतार सौम्य असला की त्यांच्यापुढे माणूस टिकत नाही. पण आमच्याकडे येतात दारं, झाकणं, ब्रॅकेट, फेअरिंग (सांध्यांवरून हवा सुरळीत जावी म्हणून बसवायची आवरणं). वीतभर जागेत तीन कोपरे, आणि ऑर्डर मोजक्या नगांची. तिथे यंत्राचं डोकं कोपऱ्यात शिरतच नाही.

म्हणून आमचं काम अर्धं यंत्राचं, अर्धं हाताचं. प्रीप्रेग, म्हणजे रेझिन (चिकट राळ) भरलेलं कार्बनचं कापड, उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये असतं. बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर शीतगृहातून काढलेल्या द्राक्षाच्या पेटीसारखं त्यावर पाणी धरतं. मग कॉम्प्युटरवर चालणारा सीएनसी कटर थर कापतो आणि वरचा लेझर साच्यावर हिरव्या रेषेने जागा दाखवतो. पूर्वी हे आम्ही पट्टी आणि टेम्प्लेट घेऊन करायचो. ते गेलं, बरंच झालं.

रेषेच्या आत थर बसवायचा तो मात्र हातानेच. माझी आई ब्लाउज शिवायची, त्यामुळे मला ते लवकर जमलं असावं. सपाट कापड गोलाईवर बसत नाही, कुठेतरी टक घ्यावा लागतो. फरक एवढाच की इथे टक कुठे घ्यायचा ते ड्रॉइंग ठरवतं, आपण नाही. कोपऱ्यात थर ताणला गेला तर खाली पोकळी राहते, सैल राहिला तर सुरकुती पडते. दोन्हीत ताकद जाते. आणि लेझर फक्त कडा दाखवतो. थराचा आकार दोन्हीकडून सारखा असेल तर तो उलटा टाकला तरी रेषेत चपखल बसतो आणि अधिक ४५ अंशांत तिरपे असलेले तंतू गुपचूप उणे ४५ अंशांत, म्हणजे उलट्या बाजूला तिरपे होतात. ते माणसालाच ओळखावं लागतं. एक थर मिलिमीटरच्या पाचव्या भागाहून पातळ, त्यामुळे नंतर डोळ्यांना काहीच दिसत नाही.

माझी एक चूक सांगते. पाच वर्षांपूर्वी प्रीप्रेगवरून सोलून काढायच्या पॉलिथिनच्या फिल्मचा बोटभर तुकडा एका थराखाली माझ्याकडून राहिला. भाग भट्टीतून निघाला तेव्हा देखणा दिसत होता. अल्ट्रासॉनिक तपासणीत, म्हणजे ध्वनिलहरींनी आतलं तपासताना, तो डाग उमटला आणि अख्खा भाग भंगारात गेला. तेव्हापासून सोललेली प्रत्येक फिल्म मी टेबलावर मोजून ठेवते. थर चोवीस तर फिल्मही चोवीस.

भट्टी म्हणजे ऑटोक्लेव्ह. सुमारे १८० अंश आणि ७ बार दाब. घरच्या कुकरात जेमतेम एक बार असतो. तिचं चक्र पूर्ण आपोआप चालतं, पण भागावरची व्हॅक्युम बॅग, म्हणजे आतली हवा काढून घेतलेली पिशवी, आपण बांधलेली असते. ती फुटली तर कॉम्प्युटर फक्त अलार्म वाजवतो.

आता साच्याचं, कारण ते कुणी शिकवत नाही. मीटरभर लांबीचा ॲल्युमिनियमचा साचा एवढ्या उष्णतेत साडेतीन मिलिमीटरहून जास्त वाढतो आणि कार्बन जवळजवळ वाढतच नाही. म्हणून नेमक्या मापाच्या भागांना इन्व्हारचा साचा लागतो: लोखंडात ३६ टक्के निकेल. तो पाव मिलिमीटरच्या आसपास वाढतो. हा मिश्रधातू शोधणाऱ्या गियोम यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. शिवाय भागाचा काटकोन थंड होताना थोडा मिटतो, म्हणून साच्याचा कोपरा मुद्दाम ९१ अंशांच्या जवळपास ठेवतात. नवीन मुलं कोन मोजतात आणि साचा चुकलाय म्हणून ओरडतात. मीही ओरडले होते.

नाशिकपुरतं सांगायचं तर ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीत ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजस मार्क १ए या लढाऊ विमानाची तिसरी उत्पादन लाइन सुरू झाली. तेजसच्या सांगाड्याचं जवळपास ४५ टक्के वजन कंपोझिटचं, म्हणजे कार्बन फायबरसारख्या थरांच्या साहित्याचं आहे. याचा अर्थ उद्याच भरती निघेल असा नाही, पण जोडणी, दुरुस्ती, तपासणी या सगळ्याला हे काम कळणारी माणसं लागतात.

तेव्हा थरांचा क्रम वाचायला शिका, कटरचं सॉफ्टवेअर हाताळा आणि अल्ट्रासॉनिक तपासणीचा कोर्स जमला तर सोडू नका. पगार तिथे बरा आहे.

मुलाखतीत ले-अप करून दाखवायला सांगितलं तर त्या दिवशी हाताला क्रीम लावू नका. त्यात सिलिकॉन असलं तर थर एकमेकांना नीट धरत नाहीत. मला पहिल्या दिवशी दारातूनच हात धुवायला परत पाठवलं होतं.