फेरीचा खर्च आधी माग

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. बालमजुरी रोखण्याच्या मागण्यांचा तुझा मसुदा दोनदा वाचला. बालकामगार ठेवणाऱ्यांचा दंड वाढवा, शिक्षा कडक करा, ही तुझी पहिली मागणी. तळमळ खरी आहे, पण ती मागणी खाली घे आणि वर पैसे लिही: कामाच्या जागा तपासणाऱ्या निरीक्षकांचा पगार, गाडी, इंधन, तपासणीच्या दुसऱ्या फेरीचा खर्च.

निरीक्षक म्हणून माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षाची गोष्ट. एका कारखान्यात लहान मुलं राबतात अशी तक्रार आली. कचेरीची गाडी उभी होती, पण इंधनाची रक्कम संपलेली. आम्ही पोचलो नवव्या दिवशी. आत एकही मूल नव्हतं. एका यंत्रापुढे मात्र विटांची चळत रचलेली होती. मोठ्या माणसाला तिथे विटांवर चढायची गरजच नव्हती. वरची वीट पायांनी झिजून गुळगुळीत झाली होती. अहवालात मी लिहिलं, ‘मुले आढळली नाहीत.’ ते वाक्य अजून सलतं.

ब्रिटनचा इतिहास जरा नीट वाच. सूतगिरण्यांतल्या मुलांसाठी तिथे 1802 साली कायदा झाला, 1819 साली दुसरा. नऊ वर्षांखालच्या मुलांना सूतगिरणीत कामाला लावायचं नाही, असं दुसऱ्यात स्पष्ट लिहिलं होतं. पण बघायला जाणारं पगारी माणूस एकही नव्हतं, त्यामुळे दोन्ही कायदे कागदावरच राहिले. 1833 च्या कायद्याने सरकारी निरीक्षक नेमले. सगळ्या देशाला मिळून चारच! तरी त्यांना पगार होता, गिरणीत शिरायचा हक्क होता आणि सरकारला नियमित अहवाल द्यायचा होता. मुलाचं वय ठरवायला डॉक्टरचा दाखला लागे, कारण सरकारी जन्मनोंदणी इंग्लंड-वेल्समध्येसुद्धा 1837 मध्ये सुरू झाली. वयाचा पुरावासुद्धा फुकट मिळत नाही, हे तुझ्या हिशेबात धर.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1947 चा करार, क्रमांक 81, जवळ ठेव. पूर्वसूचना न देता, दिवसा वा रात्री आत जायचा अधिकार त्यात आहे. त्याच करारात निरीक्षकाला कचेरी, प्रवासाची सोय आणि प्रवासखर्चाची भरपाई द्यावी असंही म्हटलंय. अधिकाराचं कलम सगळे आवडीने सांगतात. तू प्रवासखर्चाचं कलम वाचून दाखव.

2024 च्या जागतिक अंदाजानुसार 13.8 कोटी मुलं बालमजुरीत आहेत आणि त्यांतली 5.4 कोटी धोक्याच्या कामात. साठ टक्क्यांहून जास्त शेतीत. तिथे ना फाटक, ना हजेरीपट. निरीक्षकाला लांबवर, आडवाटेने, हंगामाच्या दिवसांत जावं लागतं. शहरातल्या कारखान्यांपुरता पैसा मागितलास, तर बहुसंख्य मुलं तुझ्या मागणीबाहेरच राहतील.

अंदाजपत्रकात नुसती तरतूद बघू नकोस. मंजूर पदांपैकी भरलेली किती, आणि वर्षअखेर खर्च किती झाला, हे विचार. पैसा शेवटच्या महिन्यात हाती आला, तर त्याने धाडी पडत नाहीत, खुर्च्या येतात.

दंडाच्या रकमेवर खातं चालवा, असा सल्ला कुणी तरी देईल. तो मानू नकोस. मग निरीक्षक जिथे दंड सहज वसूल होतो तिथेच जाईल, आणि मुलं जिथे लपवलेली आहेत तिथे जाणार नाही.

सुटलेल्या मुलाचा प्रश्न तर सगळ्यात अवघड. घरात कर्ज असेल, शाळा लांब असेल, तर ते दुसऱ्या शेडमध्ये दिसतं. म्हणून दुसरी फेरी हवी, काही महिन्यांनी तिसरीही, आणि निरीक्षकाबरोबर शाळेत नाव घालून देणारं माणूस. हा खर्च वेगळ्या ओळीत लिही. इतर खर्चांत मिसळलास, तर कपातीत पहिला तोच जाईल.

दुरुस्त मसुदा पाठव, आकडे मी तपासून देतो.

तुझा,
जुना सहकारी